पागेत शिंगरू जन्मले त्या दिवशी

मित्रांनो, माझ्या दारावर 'मोडके सामान' अशी पाटी आहे, म्हणून तुम्ही मला गोदाम समजाल. पण मी एक जुना तबेला, म्हणजे घोड्यांची पागा, आहे. बुलढाण्याच्या टेकडीवर, विलायतेच्या राणीचे राज्य होते तेव्हा, साहेबांच्या घोड्यांसाठी मला बांधले. जवळच्या भट्टीतल्या लाल विटा, बैलाच्या घाण्यात मळलेला चुना आणि सातपुड्यातले सागवान. माझ्या कमानी उभ्या राहिल्या, तेव्हा बाजाराला निघालेली माणसे थांबून वर बघत राहायची.

पुढे मोटारी आल्या, घोडे गेले. शेजारच्या सरकारी कचेरीची मोडकी बाकडी माझ्यात साठत गेली आणि माझ्याकडे मान वर करून कुणी पाहीनासे झाले. यंदा मला पाडून तिथे गाड्या लावायच्या असे ठरले. मोजमापाला हिमानी नावाची तरुण इंजिनिअर आली. तिने फीत लावली आणि बाहेर गारा कोसळू लागल्या.

तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ गाभण घोडीला धरून दारात आले. लग्नाच्या वरातीची घोडी बाळगणारे भगवंतराव. गुरांच्या दवाखान्यातून तिला घरी नेत होते.

"ताई, आत येऊ द्या. हिच्यानं आता चालवत नाही. वेळ आली वाटते."

"या ना काका. मी काय करू?"

"काही नका करू. दाराशी उभ्या राहा. कोणाले आत येऊ देऊ नका."

दोघांनी बाकडी सरकवून जागा केली. घोडी आत आली, तिने नाकपुड्या फुलवून भिंत हुंगली आणि मधल्या कमानीखाली जाऊन उभी राहिली. छपरावर गारांचा नुसता ताशा वाजत होता, पण एक कौल हलले नाही. उंचावरच्या अर्धगोल खिडक्यांतून वारा शिरला, तो तिच्या डोक्यावरून निघून गेला. दारातून आलेले पाणी उतरत्या फरशीवरून पन्हळीत वाहून गेले. घोडी अस्वस्थ होऊन खांबाला घासली, पण खांबांच्या कडा गोल घडवलेल्या, तिला ओरखडाही उठला नाही.

मित्रांनो, माझ्यात किती घोडे राहिले, पण जन्म मी कधी पाहिला नव्हता. ओले, थरथरते शिंगरू जमिनीवर आले. उठायला गेले, पडले. पुन्हा उठले, आणि त्याचे खूर फरशीवरच्या खाचांत रुतले. ते उभे राहिले.

हिमानी खाली बसली. त्या खाचांवरून तिने तळवा फिरवला.

"काका, मी याला नक्षी समजत होते," ती हळू आवाजात म्हणाली. "हे तर पाय घसरू नये म्हणून आहे."

"हाव," भगवंतराव म्हणाले. "बांधणाऱ्यानं जनावराचा जीव ओळखला होता."

मग दोघेही वर बघत राहिले. मला बांधणारे हात माझ्यात काय ठेवून गेले होते, ते मलाही त्या दिवशी नव्याने कळले.

हिमानीने वरिष्ठांना फोन लावला. "साहेब, अहवाल मागाहून देते. आधी तुम्ही इथे आत येऊन उभे राहा."

साहेब आले. शिंगरू दूध पीत होते. साहेब मधल्या कमानीखाली थांबले आणि मान वर करून बघत राहिले. जाताना त्यांनी एवढेच सांगितले, "ही बाकडी हलवा इथून. पाडायचं राहू द्या."

मित्रांनो, तुमच्या गावातही माझ्यासारखे कुणी पाटीआड दडलेले असेल. त्याला पाडायचे की राखायचे, ते तुम्ही मोठे झाल्यावर ठरवाल. फक्त ठरवण्याआधी एकदा आत जा, आणि त्याच्या भिंतीवर हात ठेवून वर बघा.