गेममधलं घर

संघमित्राने जुन्या गेममध्ये आपलंच कुटुंब वसवलं होतं. घरात आठ माणसं झाली की तो अडखळायचा, सेव्ह करायला जावं तर मेला बंदच पडायचा. मग ती सोफे, झाडं, खरकटी ताटं काढायची. माणसं कधीच नाही.

धुळ्याहून मेहरूणला तिच्या घरी आलेल्या भावाने, राकेशने, माउस ओढून गेममधली आईच उडवली.

"नुसती बसून असते. बघ, आता कसा पळतोय!"

संघमित्राच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फ्लॅटमध्ये जागा नाही म्हणत खरी आईही यानेच तिच्याकडे आणून सोडली होती.

स्वयंपाकघरातून आईने विचारलं, "राकेश जेवाले थांबी का?"

"नाही," संघमित्राने त्याची बॅग दाराबाहेर ठेवली. "आपल्याकडे जागा नाही."