अकरा धवले

"ताई, दोन्ही गेल्या!" मनोज जिन्याच्या तोंडाशीच ओरडला. "मेलची पण आणि डेटाची पण. एकाही मशीनला दिवा नाही!"

संघरत्नाने चपला कुठल्या कुठे भिरकावल्या आणि ती आत धावली. धामणकर नाक्याच्या आतल्या गल्लीत, खाली मनोजचा लूमचा कारखाना आणि वर दोन खोल्यांत त्याची होस्टिंगची कंपनी. आतली खोली थंड, काचेच्या दाराची. तिथे लोखंडी मांडणीवर दोन मशीन. वरचं लोकांच्या पत्रांचं, म्हणजे आपलं टपाल कार्यालयच समजा. खालचं कोठाराचं. दुकानांच्या, गोदामांच्या, शाळांच्या साइटवर जे जे साठवलेलं दिसतं, ते सगळं त्याच्या पोटात. एकोणीस वर्षांपूर्वी संघरत्ना इथे फोन उचलायला म्हणून लागली. आज दोन्ही मशीनांची नस तिच्याएवढी कुणालाच ठाऊक नव्हती. नागसेन, तिचा नवरा, म्हणायचा, "मी हाका मारून थकलो तरी ही ढिम्म, आणि फोनवर मशीनची घरघर ऐकून दुखणं सांगते!"

आज घरघर नव्हती. काचेचं दार ढकललं तर आत उदबत्तीचा घमघमाट. दोन्ही मशीनांच्या कपाळी हळदीकुंकवाची पाच-पाच बोटं, झेंडूची माळ, पुढे नारळ. आणि यूपीएसमधून काढलेली वायर नीट वेटोळं करून वर ठेवलेली, तिच्यावर एक फूल.

समोर पाटावर मनोजची आई, कमळाकाकी, आरतीचं ताट घेऊन बसलेली.

"आई, ही वायर कोणी काढली?"

"मी काडली. मंग?" काकीने शांतपणे कापूर लावला. "आज खंडेनवमी हाय. खालच्या लूम बंद केल्यास, टेम्पो धुतलास, कोयता-इला सगला पुजला. आन् या दोगांनी काय पाप केलंय रं? वरीसभर घुरघुर घुरघुर. एक दिस इसावा नको त्यांना?"

"अगं, हे बंद करायचे नसतात! कधीच नाही!"

"देव बी निजतो रं चार महिने. हे काय देवाच्या वरचे हायत?"

मनोजने कपाळावर हात मारला. संघरत्नाला अशाही वेळी हसू फुटलं. मग तिने पदर खोचला, मशीनांना हात जोडले, आणि वायर जागेवर बसवली.

दोन्ही पंखे घोंगावत उठले. बाहेरच्या खोलीतले तिन्ही फोन एकदम वाजू लागले. पहिला वडपे गावातल्या गोदामाचा.

"मॅडम, गेट पास मेल पे आता है! चौदा गाडी बाहर खडी है, ड्रायव्हर लोग मेरे को कच्चा खा जायेंगे!"

"दस मिनिट, भाईसाब. तब तक सबको चाय पिलाओ."

"चाय? ये लोग पहले मेरे को पियेंगे!"

पत्रांचं मशीन गुणी निघालं. रांग अडवून धरणाऱ्या एक-दोन लॉक-फायली काढल्या आणि पत्रांची रांग सुटली. पडद्यावर ओळी अशा धावू लागल्या, जसं बांध फोडल्यावर खाचरात पाणी धावावं. शंभर, पाचशे, हजार. संघरत्नाच्या अंगावर काटा आला. एकोणीस वर्षं झाली, पण हा क्षण आला की तिला अजून मुलीसारखं टाळ्या पिटाव्याशा वाटत. नवव्या मिनिटाला वडप्याचा फोन: "मॅडम, गाडी अंदर!"

कोठाराचं मशीन मात्र रुसलं. पंखा फिरत होता, दिवे लागले होते, पण आतला डेटाबेस उठायचं नाव घेईना. मध्येच वीज तोडल्याने अर्धं लिहिलेलं अर्धंच राहिलं होतं.

"परत बंद-चालू करून बघू?" मनोज म्हणाला.

"हात नका लावू, मनोजशेठ. आधी नक्कल, मग अक्कल." हे तिचं स्वतःचं वचन होतं, भिंतीवर तिच्याच अक्षरात लावलेलं. जे बिघडलंय त्याची आहे तशी प्रत काढायची, आणि प्रयोग करायचे ते प्रतीवर. तिने दुसऱ्या डिस्कवर सगळी नक्कल उतरवली. मग कामाला लागली. डेटाबेस जबरदस्तीने उठवायच्या सहा पायऱ्या असतात. तिसरीपर्यंत माल सुखरूप. चौथीपासून तो उठतो खरा, पण उठताना काय तुडवेल याचा नेम नाही.

पहिली. नाही. दुसरी. नाही. तिसरीला पडद्यावर क्षणभर काहीच हललं नाही, आणि मग एकेक ओळ हिरवी होत गेली.

"उठला! उठला गं बाई!" संघरत्ना खुर्चीतून उभीच राहिली. मनोजने नाचतच काकीच्या ताटातला पेढा उचलून तिच्या हातावर ठेवला.

पेढा तोंडापर्यंत गेला नाही. सगळ्या गिऱ्हाइकांची कोठारं उघडत होती, एक सोडून. ते रुचिकाचं होतं.

रुचिका खारबावची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिची आते आनंदीबाई म्हणजे पंचक्रोशीतली मोठी धवलारीण. आगरी लग्नात भटजीच्या मंत्रांआधी धवलारणीचा शब्द. मांडव घालण्यापासून नवरी उंबऱ्याबाहेर पडेपर्यंत प्रत्येक घडीला वेगळा धवला, म्हणजे लग्नगीत, आणि आनंदीबाईला ते शेकड्यांनी पाठ. कुठे लिहिलेले नाहीत. तिचं आपलं एक व्रत होतं, हळद लागल्याशिवाय गळ्यातून सूर काढायचा नाही. म्हणून ती मोबाइलसमोर कधी गायली नाही. "गानार न्हाय, नुसता सांगीन," म्हणायची. रुचिका शेजारी बसून शब्द थेट साइटवर लिहून घ्यायची. दोन वर्षांत तीनशे अठरा झाले होते. संघरत्नानेच हौसेने तिला फुकट जागा दिली होती. आणि तीन महिन्यांपूर्वी आनंदीबाईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं, आणि वाचाही.

संघरत्नाने नकलांची यादी काढली. रोज पहाटे प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कोठाराची एक प्रत आपोआप निघे. यादीत सगळे होते. रुचिका नव्हती. गिऱ्हाइकांच्या वहीवरून ती यादी संघरत्नानेच केली होती, आणि फुकट दिलेली साइट वहीत नव्हतीच.

तिने यादी पुन्हा वरून खाली वाचली.

तेवढ्यात काचेवर टकटक झाली. रुचिकाच उभी होती, धापा टाकत. "ताई, साइट उघडत नाहीये. आतेला व्यायामाच्या डॉक्टरकडे आणलं होतं, म्हटलं जाता जाता विचारावं. जिना चढत नाही ना तिला, खाली बसवलंय. काही झालंय का?"

मग कमळाकाकीच पुढे झाली. तिने हातातलं ताट खाली ठेवलं. "पोरी, माजी चूक. मीच वायर काडली. मना काय ठावं, यात आनंदीबायचे धवले हायत!"

गोष्ट इथेच थांबली असती. सगळं काकीच्या माथी गेलं असतं आणि कुणाला काही कळलं नसतं. पण सकाळीच दिव्यासमोर पंचशील म्हणताना संघरत्ना खोटं न बोलण्याच्या चौथ्या शीलाशी अडखळली नव्हती. आता अडखळून चालणार नव्हतं.

"काकींनी वायर काढली हे खरं," ती म्हणाली. "पण रोजची प्रत निघत असती तर घडीभरात सगळं परत आलं असतं. ती निघत नव्हती, कारण मी तुझं नाव यादीत घातलंच नाही. ही माझी चूक आहे, रुचिका."

रुचिका स्टुलावर बसली. "तुम्हीच म्हणाला होतात ताई, वहीत कशाला, सर्व्हरवर जास्त सुरक्षित." तिचा आवाज चढला नाही, म्हणून जास्त लागला.

"म्हणाले होते."

"आता तिला विचारूही शकत नाही मी."

संघरत्ना पुन्हा मशीनकडे वळली. नक्कल होती, तिच्यावर तिने चौथी पायरी घेतली. कोठार उघडलं. आत बघते तर चार शब्द धड, पुढे नुसत्या चौकटी आणि प्रश्नचिन्हं. उंदरांनी पोतं फोडून दाणे उधळावेत तशी गत. पाचवी चढली, आणखी वाईट. तिने हात मागे घेतला.

शेजारच्या पडद्यावर पत्रांच्या ओळी अजून धावत होत्या. त्यांत एक ओळ पुन्हा पुन्हा वर येत होती: आनंदी या नावाची पेटी भरलेली आहे, पत्र आत जात नाही, नंतर प्रयत्न करू.

"रुचिका, ही 'आनंदी' कोणाची पेटी?"

"माझीच. सुरुवातीला केली होती. पासवर्ड विसरले, मग कधी उघडलीच नाही."

"तिला आज पत्र कोण पाठवतंय?"

"कोणी नाही ताई. काल मी फक्त एका जुन्या धवल्यातली चूक दुरुस्त केली..."

संघरत्नाने तिचा दंडच धरला. "थांब! दुरुस्ती केलीस की साइट पत्र पाठवते? प्रत्येक धवल्याचं?"

रुचिका डोळे विस्फारून बघत राहिली. "हो! तुम्हीच लावून दिलं होतं ना! मोबाइलवर वाचता यावं म्हणून..."

"अगं, मग ते सगळे धवले टपालात आहेत! कोठार नासलं, पण त्यातलं एकेक पान पत्र होऊन वरच्या मशीनमध्ये बसलंय!" तिचा हात माउसवर गेला आणि थबकला. "पेटी तुझी आहे. उघडू?"

"विचारता काय, ताई!"

पेटी उघडली. पत्रांवर पत्रं, एकही न वाचलेलं. पहिलंच: मांडवाचा पहिला खांब. दुसरं: हळद दळायचा धवला. मनोज शिटी मारायचा तेवढा राहिला. चौघंही पडद्यावर वाकली. रुचिका नावं वाचत होती, रडत होती, हसत होती, आणि काकी प्रत्येक नावाला "हां, हां, हाय, हाय" करत होती, जशी हरवलेली गुरं गोठ्यात मोजून घ्यावीत. संघरत्नाने एक छोटी आज्ञा लिहिली, आणि पत्रांतले शब्द वेचून नव्या कोठारात भरले जाऊ लागले. पन्नास. दीडशे. दोनशे ऐंशी. तिचा श्वास त्या आकड्यांबरोबर चढत होता.

तीनशे सातवर आकडा थांबला.

"अजून अकरा," रुचिका म्हणाली.

तीनशे सातला पेटी भरली होती. पुढची पत्रं दारावरूनच परत गेली. परतीच्या चिठ्ठ्या संघरत्नाने शोधून काढल्या, पण अशा चिठ्ठीत नुसतं पत्राचं नाव असतं, आतला मजकूर नसतो. अकरा नावं मिळाली. आनंदीबाईने झटक्याच्या आधी सांगितलेले शेवटचे अकरा.

काकीने मान वाकवून ती नावं ऐकली. दुसऱ्याच नावाला तिने डोकं वर केलं. "यो माज्या लग्नात म्हटला होता. आनंदीबायनंच. मी पाटावर व्हते."

"येतो तुम्हाला?" रुचिकाने विचारलं.

"येतो का न्हाय, ते म्हटल्याबिगर कसां कलंल?"

सगळे खाली उतरले. संघरत्नाने लॅपटॉप छातीशी धरला होता, आणि ते नवं कोठार दुसऱ्या डिस्कवर उतरवायला लावूनच ती निघाली होती. कारखान्यात एकही लूम चालू नव्हती. रोज जिथे शेजारच्याच्या कानात ओरडावं लागतं, तिथे आज पंख्याचा आवाज ऐकू येत होता. लूमना झेंडू बांधलेले. मधल्या खुर्चीत आनंदीबाई बसलेली, उजवा हात मांडीवर निपचित, डोळे मात्र लख्ख.

रुचिकाने गुडघ्यावर बसून तिला सगळं सांगितलं. काय गेलं, काय मिळालं, काय राहिलं. काहीच झाकलं नाही. मग संघरत्ना पुढे झाली. "आते, यादीत नाव घालायचं मी विसरले." आनंदीबाईने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग डाव्या हाताने शेजारचं बाकडं थोपटलं. बस.

कमळाकाकी मात्र उभीच. "आनंदीबाय, ना मांडव, ना हलद. कसां म्हनू? तुजा नेम मोडंल."

आनंदीबाईने काकीच्या हाताकडे बोट केलं. काकीने तळहात पाहिले. सकाळच्या पूजेची हळद बोटांच्या पेरांत अजून पिवळी होती. आनंदीबाईने त्यातलं एक बोट धरून आपल्या कपाळाला लावलं.

काकीने डोळे मिटले. आवाज जुना, चिरका, पण सूर पक्का.

"उंबऱ्याशी आली लेक, सोन्याच्या ताटी तांदूल..."

आनंदीबाईचा डावा हात वर गेला. थांब.

"न्हाय? मंग... रूप्याच्या ताटी?"

हात वरच.

"काशाच्या? काशाच्या ताटी तांदूल?"

हात मांडीवर उतरला. संघरत्नाने टंकलं. पुढची ओळ. हात वर, हात खाली. रुचिका मध्येच हसली, "आते, तू शाळेत असतीस तर पोरांचं काही खरं नव्हतं!" आणि आनंदीबाईच्या तोंडाची डावी बाजू हसली. तो धवला पुरा झाला. काकीला अजून तीन आठवले, आणि एक अर्धा. मनोजने लॅपटॉपला चार्जर आणून लावला आणि मागे उभा राहिला.

मग संघरत्नाने पुढचं नाव वाचलं. "माघारी फिरणाऱ्या वऱ्हाडाचा धवला."

काकीने मान हलवली. "यो मी कंदी आयकला न्हाय."

कोणालाच ठाऊक नव्हता. पण आनंदीबाईची डावी बोटं मांडीवर हलू लागली होती. एक ठेका, मग थोडं थांबणं, मग पुन्हा ठेका. ओठ मिटलेले. कुठे बोटं हळू होत, कुठे भरभर. एका ठिकाणी ती दोनदा तेच वाजवून पुढे गेली.

धवला लांब होता. बोटं थांबल्यावर संघरत्नाने त्या नावाखाली जागा मोकळी सोडली, आणि पुढचं नाव वाचलं.