कोंडलेली शेगडी

टक्.

घाबरू नका, तो आवाज माझाच. बर्फ पडत असला की घरात इतकी शांतता पसरते की माझं तापलेलं बिडाचं अंग जरासं आकसलं तरी सगळ्यांना ऐकू जातं.

मी एक जुनी शेगडी आहे, मित्रांनो. लाकडावर चालणारी, चार पायांची. मेकनेस शहरातल्या एका ओतशाळेत माझा जन्म झाला. खेचराच्या पाठीवरून मी अॅटलसच्या डोंगरात आले आणि हद्दाआजीच्या घरातल्या या कोपऱ्यात बसले, ती बसलेच. माझी पत्र्याची नळी छपरातून आरपार गेली आहे. कुणी मानगूट धरून उभं करावं, तशी मी उभी असते.

पण कौतुकही पुष्कळ झालं. माझ्या डोक्यावर चहाची किटली, बाजूला वाळत घातलेली लोकर. हद्दाआजी पाहुण्यांना सांगायची, "एक वेळ सून बदलेन, पण शेगडी नाही."

सून इज्जा तिथेच पीठ मळत असायची. "बदला की आत्याबाई. नवीन येईल तिला फक्त सांगून ठेवा, हिची राख रोज कोण काढतं ते."

इज्जाचा नवरा अस्सू माझी फार काळजी घ्यायचा. ओकची लाकडं फोडून दोन उन्हाळे वाळवायचा. बर्फ पडायच्या आधी नळी उतरवून आतली काजळी खरवडायचा. यंदा मात्र चारा लवकर संपला आणि मेंढ्या घेऊन तो आधीच खालच्या सपाटीवर गेला. नळी तशीच राहिली. कोठारात उरलं ते ओलं देवदार. ओलं लाकूड जळत नाही, मित्रांनो, नुसतं धुमसतं, आणि त्याचं डांबर माझ्या नळीत थरावर थर चढत जातं.

तिसऱ्या दिवशीही बर्फ थांबला नाही. दार अर्धं गाडलं गेलं. हद्दाआजीने जुन्या तंबूच्या पट्ट्या दाराच्या फटीत ठासून भरल्या, आणि माझी हवेची झडप लावून टाकली.

"लाकूड पुरवून वापरायचंय," ती म्हणाली.

वर नळीच्या टोपीवर बर्फ, आत काजळी, खाली झडप बंद. माझा जीव कोंडला. धूर निदान दिसतो, नाकाला झोंबतो. पण गुदमरलेल्या आगीतून आणखी एक वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो माझ्या सांध्यांतून हळूहळू खोलीत झिरपू लागला. मला कळत होतं, आणि ओरडायला मला तोंड नव्हतं.

आधी इज्जाच्या छोट्या तुदाचं डोकं दुखू लागलं. मग तिला उलटी झाली.

"चहा जास्त ढोसलाय कार्टीने," हद्दाआजी पुटपुटली.

दुपार झाली. इज्जाला पान्हा दाटून आला तरी तान्हा बास्सू उठेना. तिने त्याच्या तळपायाला टिचकी मारली. तो हललाही नाही.

"झोपू दे गं, ऊब लागलीये त्याला."

इज्जाचंही डोकं जड झालं होतं. लाकूड घालावं म्हणून तिने माझं दार उघडलं, तर धूर वर न जाता तिच्याच तोंडावर आला. तिने नळीला हात लावला आणि तो तिथेच ठेवला.

"आत्याबाई, नळी गार आहे."

"मग?"

"आग पेटलीये आणि नळी गार. मग हिचा श्वास जातोय कुठे?"

उत्तराची वाट न पाहता ती दारातल्या पट्ट्या उपसू लागली.

"पोराला गारठवून मारशील!"

"गारठला तर रडेल तरी."

दार फाकवून तिने दोन्ही लेकरं घोंगडीत गुंडाळून अंगणात नेली. सासूलाही हाताला धरून ओढलं. मग शिडी लावली.

"बाईमाणूस छपरावर? गाव काय म्हणेल?"

"गाव बर्फाखाली आहे. वर आलं की विचारू."

तिने टोपीवरचा बर्फ ढकलला, काठीने नळी ठोकली. काळे पापुद्रे माझ्या पोटात कोसळले. मला श्वास आला. आणि त्याच वेळी अंगणात बास्सू रडला, आधी बारीक, मग चांगलं भोकाड पसरून.

हद्दाआजी बर्फातच खाली बसली. "माझा पहिला, मोहा," ती म्हणाली, "असाच झोपला होता. मी म्हटलं, उबेत आहे, झोपू दे."

तेव्हाही या कोपऱ्यात मीच होते, मित्रांनो.

म्हणून सांगते. मला वाळलेलं लाकूड द्या. आग नीट धरेपर्यंत झडप उघडी ठेवा, आणि निखारे लाल असताना ती पुरती लावू नका. थंडीच्या आधी नळी साफ करा. बाहेर कितीही गारठा असो, हवेला बोटभर फट ठेवा. डोकं दुखलं, मळमळलं, कुणी उठेनासं झालं, तर आधी सगळ्यांना घेऊन बाहेर पडा. भांडण नंतर करा.

उघड्या दारातून मला अंगण दिसत होतं. इज्जा शिडीवरून उतरली, बास्सूला तिने पदराखाली घेतलं. तुदा आजीकडे बघत होती. मग ती आईला चिकटली आणि हळूच म्हणाली,

"आई, आजीला तेव्हा कुणी सांगितलं का नाही?"