तोनकामावशींचा आशीर्वाद

“मेल्या येर्को, आलास का परत मेंढरं घेऊन? दुपारी माणसाला डोळा लागू देशील की नाही?”

तिसऱ्या मजल्यावरच्या हिरव्या खिडकीतून तोनकामावशींचं डोकं बाहेर आलं होतं. खाली अरुंद गल्लीत पाहुण्यांचा घोळका माना वर करून उभा. पुढे लाल छत्री उंच धरलेला त्यांचा गाइड, येर्को. त्यानं अदबीनं मान लववली आणि इंग्रजीत खुलासा केला, “आमच्या स्प्लित शहराची जुनी रीत आहे ही. परका पाहुणा गल्लीत आला, की घरातली वडीलधारी बाई आशीर्वाद देते. त्या म्हणतायत, तुमच्या घरी मासे आणि तेल कधी कमी न पडो.”

टाळ्या पडल्या. एका जर्मन बाईनं तर छातीवर हात ठेवला. तेवढ्यात वरून ओलं फडकं पिळलं गेलं.

“आणि हे तीर्थ,” येर्को म्हणाला.

हा प्रयोग कित्येक उन्हाळे चालू होता. म्हातारपण काढायला रोमन बादशहानं इथे राजवाडा बांधला आणि पुढे त्याच राजवाड्यात गाव वसलं, हे शहरातला कुठलाही गाइड सांगे. बादशहा सगळ्यांच्या वाटणीचा होता. तोनकामावशी एकट्या येर्कोच्या. राजवाड्यातल्या देवळापुढे इटालियन माणूस घड्याळ बघतो, इंग्रज सावली शोधतो, हा येर्कोचा जुना हिशेब. त्या खिडकीखाली मात्र झाडून सगळे वर बघत.

लहानपणी याच खिडकीची काच त्यानं चेंडूनं फोडली होती. मावशींनी कान धरून वर नेलं, आधी बदडलं, मग तळलेले मासे वाढले. तिथून हे नातं लागलं. स्प्लितमध्ये माया शिवीच्या खांद्यावर बसूनच घरात येते. कुणी गोड बोलायला लागलं, की समजावं काहीतरी बिनसलंय.

बाकीची गल्ली केव्हाच रिकामी झाली होती. घरांच्या भाड्याच्या खोल्या झाल्या, दारांवरची नावं गेली, आकड्यांची कुलपं आली. राहतं घर उरलं ते एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मासळीबाजारात मासेवाली दोब्रिला म्हणाली, “तुझी मावशी चालली रे. नेवेंका आलीय झाग्रेबहून, आईला न्यायला. गुडघे जिना चढू देत नाहीत म्हणे.”

“कोण, तोनकामावशी? झाग्रेबला?” येर्को हसला. “तिथं ना समुद्र, ना शिव्या द्यायला ओळखीचं माणूस. पोरीला हात हलवत परत पाठवेल बघ.”

“तू बादशहाच्या मनातलं सांग बाबा. बाईच्या मनातलं नको सांगूस.”

येर्कोनं हात झटकला. पण त्या दुपारी देवळापुढचा हमखास विनोद त्यानं गाळला आणि मंडळींना जवळजवळ हाकतच गल्लीत आणलं.

खिडकी उघडी होती. दोरीवर कपडे नव्हते. मावशी वर उभ्या होत्या, चर्चला जायचा काळा झगा घालून, केस चापूनचोपून बांधून. मागे नेवेंका बॅग घेऊन. येर्को छत्री धरून थांबला. शिवी येईना.

“मावशी, झोपलीस की काय? मेंढरं आणलीयत!”

“येर्को, बाळा,” मावशी म्हणाल्या.

येर्कोची छत्री खाली आली. ‘बाळा’ त्या तोंडून त्यानं कधी ऐकलं नव्हतं.

“जाते रे. जिना आता माझं ऐकत नाही. तू यायचास म्हणून दुपार कधी खायला उठली नाही. देव तुझं भलं करो. आवाज असाच खणखणीत राहो तुझा.” त्यांनी पदरासारखं शालीचं टोक डोळ्यांना लावलं. “हे काही नाही. दक्षिणेचा वारा सुटलाय ना, त्यानं डोळे चुरचुरतात.”

गल्लीत पानही हलत नव्हतं.

मग पाव-भाजी वर ओढून घ्यायची टोपली दोरीवरून हळूहळू खाली आली. आत मरव्याची कुंडी होती. “याला तिकडची थंडी सोसायची नाही. पाणी घालत जा. विसरलास तर...” धमकी काही पुरी झाली नाही.

“काय म्हणाल्या त्या?” घोळक्यातल्या एका आजोबांनी विचारलं. सगळे येर्कोच्या तोंडाकडे बघत होते.

येर्कोनं छत्री पुन्हा वर केली. आजवर शिव्यांचे आशीर्वाद करून वाटले होते. आज खरा मिळाला, तर तो वाटून टाकायला मन धजेना.

“त्या म्हणतायत,” तो खणखणीत आवाजात म्हणाला, “की मी एक नंबरचा थापाड्या आहे, म्हाताऱ्या माणसांची झोपमोड करणारा हलकट आहे, आणि माझ्या एकाही शब्दावर तुम्ही विश्वास ठेवू नका.”

गल्ली हसण्यानं दणाणली. मावशींना इंग्रजी कळत नव्हतं, हसणं कळलं. खिडकीच्या चौकटीला धरून त्या वाकल्या.

“काय सांगितलंस रे मेल्या त्यांना?”

“खरं ते!”

“तू आणि खरं!” मावशी ओरडल्या, आणि नेवेंकानं हिरवी खिडकी ओढून घेतली.

रिकामी टोपली खालीच टेकून राहिली. येर्कोनं छत्री काखेत मारली, मरव्याची कुंडी दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरली आणि चालू लागला. घोळका मुकाट्यानं कुंडीमागे निघाला.