कडेला उभा असलेला माणूस

मी एक फोटो आहे. काळापांढरा, पोस्टकार्डापेक्षा जरा मोठा, आणि डाव्या बाजूची पट्टी कापून टाकलेला. जुन्या लढाऊ विमानांचं वेड असलेल्या लोकांत मी बऱ्यापैकी प्रसिद्ध आहे. ज्या कारणाने प्रसिद्ध झालो ते कारण साफ चुकीचं होतं, म्हणून आज न राहवून बोलतोय.

माझा जन्म एका काळोख्या खोलीत, लाल दिव्याखाली, औषधाच्या ट्रेमध्ये झाला. माझी आई म्हणजे नेगेटिव्ह, फोटो जिच्यावरून छापतात ती फिल्म. मला जन्म देणारा माणूस तेव्हा विशी-बाविशीतला होता. सुट्टीच्या दिवशी विमानतळाच्या तारेच्या कुंपणाला नाक लावून उभा राहायचा. पुढे सगळे त्यांना शेपटीकाका म्हणू लागले, कारण कुठल्याही विमानाचा फोटो दाखवला की त्यांचा पहिला प्रश्न एकच, "शेपटीवरचा आकडा काय?"

त्यांची बायको म्हणायची, "यांना माझा वाढदिवस विचारा आणि कुठल्याही विमानाचा आकडा विचारा. कुठला चटकन सांगतात बघा." काका हसायचे, पण वाढदिवस काही सांगायचे नाहीत.

ट्रेमध्ये मी हळूहळू उमटलो तेव्हा पुरा होतो. नाकावर एकच फिरता पंखा असलेलं जुनं लढाऊ विमान, तिरकं, नाक वर करून धावपट्टीकडे निघालेलं. त्याचं नाक इतकं वर की आत बसलेल्या वैमानिकाला समोरचं काही दिसत नसे. म्हणून एक माणूस पंखाचं टोक धरून बरोबर चालायचा आणि विमानाला वाट दाखवायचा. तो माणूस माझ्या डाव्या कडेला होता. ढगळ कामाचे कपडे, वाऱ्याने फुगलेली बाही, आणि पंखावर टेकलेला हात. त्याचं तोंड माझ्यात स्पष्ट आलं होतं. हे मी छातीठोक सांगतो, कारण आता ते सांगणारं दुसरं कोणी उरलेलं नाही.

या मंडळींचा एक दंडक आहे. विमानाचा फोटो 'स्वच्छ' हवा. नाकापासून शेपटीपर्यंत विमान पुरं दिसलं पाहिजे, आणि शिडी, गाडी, माणूस असलं काही मध्ये येता कामा नये. मी वाळल्यावर काकांनी मला टेबलावर ठेवलं, पोलादी पट्टी लावली आणि ब्लेड फिरवलं. तो माणूस माझ्यापासून अलग झाला आणि केराच्या टोपलीत गेला. फक्त त्याचा हात राहिला. हात कापायचा तर पंखाचं टोक गेलं असतं, आणि ते काकांच्या जिवावर आलं.

पुढच्याच महिन्यात माझी आईही गेली. हौशी लोक पोस्टाने नेगेटिव्हांची अदलाबदल करत. काकांना एका दुर्मिळ विमानाची नेगेटिव्ह हवी होती, तिच्या बदल्यात त्यांनी माझी आई देऊन टाकली. घेणाऱ्याने ती पुढे आणखी कुणाला दिली. त्यानंतर तिचा ठावठिकाणा नाही.

मी अल्बममध्ये पडून राहिलो. काकांचे केस पांढरे झाले, मुलं लांब गेली, आणि मग मोबाइलवर त्यांचा ग्रुप निघाला. नियम कडक होते. सुप्रभात पाठवायचं नाही, नातवंडांचे फोटो टाकायचे नाहीत, फक्त विमानं. काकांनी माझी छबी ग्रुपवर टाकली आणि माझं नशीब फळफळलं.

झालं असं की कुणाला तरी पंखाच्या टोकावर फिकट डाग दिसला. डाग तीळभर, पण यांच्या नजरेतून सुटायचा नाही. मोठा करून पाहिला तर त्यात चार बारीक रेघा. मग काय, सगळे कामाला लागले. कुणी म्हणालं, तुकडीची खूण असणार. दाताचे एक डॉक्टर होते, फावल्या वेळात विमानांच्या छोट्या प्रतिकृती करणारे. ते म्हणाले, "छे, गोळीच्या भोकावर घाईने चिकटवलेल्या पट्ट्या आहेत. हे विमान लढून आलेलं आहे." काका खूण म्हणणाऱ्यांच्या बाजूला. वाद इतका पेटला की डॉक्टर आणि काका एकमेकांच्या फोनला उत्तर देईनात. त्या जागी एक माणूस उभा होता हे काका केव्हाच विसरून गेले होते. मी अल्बममध्ये नुसता तळमळत होतो. फोटोला सगळं दिसतं, पण बोलायची सोय नाही.

डॉक्टरांनी आपलं म्हणणं सिद्ध करायला त्या विमानाची प्रतिकृती केली. भिंगाखाली, एका केसाच्या कुंचल्याने त्यांनी डाग रंगवला. चार रेघा, त्यातली तिसरी निम्मी. ती निम्मी का हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण फोटोत तशी होती म्हणून त्यांनी तशीच काढली. अशा वेळी ही माणसं देवमाणसं वाटतात. समजत नसलं तरी पदरचं काही घालत नाहीत.

मग ग्रुपने एका वाचनालयाच्या सभागृहात प्रदर्शन भरवलं. लांब टेबलावर प्रतिकृती ठेवली आणि तिच्यामागे मला काचेच्या चौकटीत उभं केलं. दुपारी पन्नाशीच्या आतबाहेरची एक बाई आली. इस्पितळात परिचारिका होती, कामाची पाळी संपवून तशीच आलेली. तिने डॉक्टरांना विचारलं, "या विमानांवर काम करणाऱ्या लोकांचे फोटो असतात का हो तुमच्याकडे? माझे वडील होते तिथे."

"नाही हो ताई," डॉक्टर म्हणाले, "आम्ही फक्त विमानं ठेवतो. माणसं नाहीत."

"मी चार वर्षांची होते ते गेले तेव्हा. तळावर कॅमेऱ्याला बंदी, आणि लग्नाचा एकच फोटो होता तो पुरात गेला. आई आता थकलीय. रोज म्हणते, त्यांचा चेहराच डोळ्यांपुढे येत नाही गं. एकदा तिला दाखवता आला असता तर..."

बोलता बोलता ती प्रतिकृतीवर वाकली. मग विचारलं, "हे टोकाला काय आहे?"

डॉक्टर खुलले. गोळी, भोक, पट्ट्या, सगळं त्यांनी साग्रसंगीत सांगितलं. तिने ते ऐकलं की नाही कोण जाणे.

"ही तिसरी रेघ लहान का?"

"फोटोत तशीच आहे."

"डॉक्टर, हा हात आहे." ती म्हणाली. "बाबांचं करंगळीशेजारचं बोट इंजिनाच्या झाकणात सापडून अर्धं तुटलं होतं. मी आकडे त्यांच्या बोटांवर शिकले. कितीही वेळा मोजा, आमच्याकडे साडेनऊच यायचे. आई हसून हसून बेजार व्हायची."

डॉक्टरांनी मला चौकटीतून काढलं, खिडकीशी नेलं, भिंग लावलं. चांगल्या उजेडात एकदा हात म्हणून पाहिलं की मग तो हातच दिसतो, दुसरं काही दिसतच नाही. बोटं, बोटांची पेरं आणि माझ्या कडेवर संपणारं मनगट. डॉक्टरांनी भिंग खाली ठेवलं आणि इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा काकांना हाक मारली.

काका आले. त्यांनी पाहिलं.

"बाकीचा फोटो कुठाय?" तिने विचारलं.

"मीच कापला," काका म्हणाले. "माणूस मध्ये येत होता."

"आणि कापलेली पट्टी?"

"केरात टाकली."

ती रागावेल असं मला वाटलं होतं. ती रागावली नाही. काकांच्या बाहीला धरून तिने विचारलं, "पण तुम्ही तर त्यांना पाहिलंत ना? प्रत्यक्ष? कसे दिसत होते?"

काकांनी डोळे मिटले. त्यांना त्या विमानाचा आकडा आठवत होता, नाकावरचा रंग आठवत होता, चाकाला लागलेला चिखलसुद्धा आठवत असेल.

"मी विमान बघत होतो, बाई," ते म्हणाले आणि रडायला लागले. मला फार वाईट वाटलं. तिच्यासाठी वाटलं आणि काकांसाठीही.

ज्या मला काकांनी कधी कुणाला हाताळू दिलं नव्हतं, त्या मला त्यांनी स्वतःच्या रुमालात गुंडाळून तिच्या हाती दिलं.

आता मी तिच्या घरी, आईच्या खाटेशेजारी असतो. पहिल्या दिवशी मुलीने आईचं बोट धरून माझ्या कडेवर ठेवलं. "आई, हे बाबा."

म्हातारीने मला डोळ्यांजवळ नेलं. "हात त्यांचाच आहे," ती म्हणाली. मग मला उलटं करून तिने माझी पाठ पाहिली. पुन्हा सुलटं केलं. "चेहरा कुठाय गं?"

मुलगी तिला समजावते. म्हातारीला पटतं, आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा विचारते.

ग्रुप आता बदललाय. काकांनीच नवा नियम केला, फोटो टाकायचा तर कडा न कापता टाकायचा. पेट्या उपसून लोक जुने फोटो काढतात आणि विमान सोडून कडेची माणसं निरखतात. डॉक्टर आणि काका दोघं मिळून रद्दीच्या दुकानांत फिरतात, मेलेल्या हौशी लोकांच्या वारसांना फोन करतात. माझी आई, ती नेगेटिव्ह, कुणाच्या तरी डब्यात असेल. तिच्यात तो माणूस अजून पुरा आहे.

म्हणून तुम्हाला सांगतो. घरात कुणा आजोबांनी, काकांनी ठेवलेला नेगेटिव्हांचा डबा असेल तर तो उजेडात धरून पाहा. नाक वर केलेलं विमान, आणि पंखाचं टोक धरून चालणारा माणूस. नेगेटिव्हमध्ये त्याचा चेहरा काळा दिसेल, घाबरू नका, छापल्यावर नीट येतो. पण जे काही करायचं ते लवकर करा. म्हातारी हल्ली दिवसाचा बराचसा वेळ झोपूनच असते.