कवचमाईची खपली

"उतरला! उतरला! माईंच्या अंगावर उतरला!"

पुढच्या रांगेतली एक बाई किंचाळली आणि सगळा हॉल खुर्च्या सरकवत उभा राहिला. टायरच्या दुकानावरचा हा हॉल एरवी वाढदिवसांना भाड्याने जातो. भिंतीवर कुणाच्या तरी फुग्यांच्या चिकटपट्ट्या अजून लोंबत होत्या. स्टेजवर कवचमाई बसली होती. थोड्या वेळापूर्वी तिचा गाल स्वच्छ, तुकतुकीत होता. मग मानेवर इसब असलेला एक ड्रायव्हर तिच्यासमोर गुडघे टेकून बसला. तिने त्याच्या मानेला बोट लावलं, डोक्यावरून जाड शाल ओढून घेतली, आत बराच वेळ कण्हली, घुमली आणि शाल बाजूला केली, तर गालभर खवले! राखाडी, खरखरीत, कडा उचललेले, मधूनच सोन्यासारखे चमकणारे.

"बघा!" तिचा सूटवाला भाचा माइकमध्ये गरजला. "डॉक्टर म्हणतात, रोग जात नाही. माई म्हणते, तिथून जात नसेल तर माझ्याकडे ये! रोगाची झाली राख, राखेचं झालं सोनं! मोबाइल बंद ठेवा, लहरींनी माईला त्रास होतो!"

त्याच्या हातातल्या बिनतारी माइकच्या लहरी मात्र माईला चालत असाव्यात.

मग माईने नखाने एकेक खवला उचकटला. खालून तळहातांचं रान उगवलं. कुणी तो तुकडा गळवावर दाबला, कुणी डोळ्यांना लावला. एका आजोबांनी तो तोंडात टाकून सावकाश चघळला.

"तूही घे ना, छोटे," माझी ताई माझ्या कानाशी लागली. "सर्दीवरसुद्धा चालतं."

मी पन्नाशी ओलांडली तरी ताईसाठी छोटीच आहे. मी नाटकांसाठी रंगभूषा शिकवते. माझ्या वर्गात मुलं चेहऱ्यावर काय चिकटवत नाहीत ते विचारा: साबुदाणा, मसूर, लाकडाचा भुसा, अंड्याचं कवच, जाळीचं कापड, टिकल्या, मणी. पातळ रबराचा हात द्यायचा, त्यावर फाडलेला पेपर नॅपकिन बसवायचा, वाळला की कडा उचकटून रंग भरायचा. कुणाचा चेहरा झाडाची साल होतो, कुणाचा सरड्याची पाठ. त्यामुळे माईच्या गालावर मला काय दिसलं हे वेगळं सांगायला नको. मी ताईला तिथेच सांगितलं.

"तुला जिकडेतिकडे तुझा डिंकच दिसतो," ती म्हणाली आणि रांगेत गेली.

घरी आल्यावर तिने मोजा काढला तेव्हा मला कळलं, ती तिथे कशासाठी जात होती. ताईला मधुमेह आहे. उजव्या पायाच्या अंगठ्याखाली जखम झाली होती, ती भरत नव्हती. तिने मलमपट्टी बंद करून त्यावर माईचे खवले थरावर थर चिकटवले होते. मोजा निघाला आणि खोलीत असा वास पसरला की मी खिडकीकडे धावले. रबराच्या थराखाली पू कोंडला होता. अंगठा काळानिळा पडला होता.

"हा वास!" मी नाकाला पदर लावला.

"अगं, मला वाटलं फ्रिजमध्ये काहीतरी सडलंय. सारखी तो पुसत बसले." ताई हसली. "पण दुखायचं पार थांबलंय बघ. माईंचीच कृपा."

मी रिक्षा बोलावली आणि तिला जवळजवळ ओढतच दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी चिमट्याने तो थर सोलला, तशी पलीकडे उभी असलेली नर्स तोंड फिरवून बाहेर गेली.

"आजी, दुखायचं थांबलं ते बरं झालं म्हणून नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "इथल्या नसा मेल्यात. आणखी उशीर केला असता तर पाऊल गेलं असतं."

अंगठा काढावा लागला.

मला वाटलं, आता तरी हिचे डोळे उघडतील. मी तिच्या डबीतला एक उरलेला खवला कोमट पाण्यात भिजवून तिच्या खाटेशी नेला. रंग सुटला, रबराच्या आतून पेपर नॅपकिन दिसू लागला, हॉटेलात असतो तसा, ठिपक्याठिपक्यांचा. सोनं म्हणजे शुभेच्छापत्रांवर असते ती चमकी, ती पाण्यावर तरंगत होती.

ताईने वाटीकडे पाहिलंही नाही. "माई म्हणाल्या होत्या, घरात कुणी संशयी असलं की रोग उलटतो. तुझ्यापायी माझा अंगठा गेला, छोटे. मला एकदा त्यांच्याकडे ने. माफी मागायचीय."

बहिणीच्या तोंडून हे ऐकलं आणि मला त्या बाईची जी किळस आली, ती त्या जखमेचीसुद्धा आली नव्हती.

"नेते," मी म्हटलं. "पण एका अटीवर. निघण्याआधी मी करते ते डोळ्यांनी बघायचं, आणि माईंना त्यातलं काही सांगायचं नाही."

जायच्या दिवशी मी ताईच्या स्वयंपाकघरात आरसा मांडून बसले. तिच्याच डब्यातली मूठभर मसूर घेतली आणि तिच्यादेखत माझ्या गालावर रोग लावायला बसले. रबर, कापूस, मसूर, पुन्हा रबर. वर लाल, पिवळा, हिरवट रंग, आणि ओलसरपणासाठी थोडी व्हॅसलीन. झालं तेव्हा ते इतकं ओंगळ दिसत होतं की माझं मलाच आरशात बघवेना.

"माईंना रोगाचं सगळं कळतं ना? मग हा खरा की खोटा तेही कळेल."

"लगेच ओळखतील," ताई घुश्शात म्हणाली. "चारचौघांत तोंडघशी पडशील."

खरं तर मलाही तीच धाकधूक होती. ज्यांचा धंदाच हा, ते असलं काम ओळखणार नाहीत? पण स्टेजवर गेले आणि माझ्या लक्षात आलं की माई रोग्याकडे नीट बघतच नाही. तिला किळस येत होती. तिने मान वळवून बोटाचं टोक माझ्या गालाला जेमतेम टेकवलं आणि हळूच शालीला पुसलं.

मग शाल डोक्यावर, कण्हणं, घुमणं. आतून आवाज आला, "फार जुना आहे... आईकडून आलाय... हिच्या आईने कुणाचं तरी वाटोळं केलं होतं... ते पाप मुलींच्या अंगावर फुटतंय..."

शाल सरली. गालावर खवले हजर. लोक ओरडले, "उतरला!"

"मसूर आहे ती!"

हॉल वळून पाहू लागला. ताई काठीवर भार देऊन उभी राहिली होती.

"माझ्या डब्यातली मसूर आहे ती! हिने माझ्यासमोर लावलीय. आणि माझी आई... आमची आई शेजारणीचं मूल आजारी पडलं तर रात्रभर बसून राहायची. तिचं पाप काढतेस? मसुरीचा रोग तुझ्या अंगावर उतरला कसा गं?"

मी कानाजवळची कड पकडली आणि अख्खा रोग एका ओढीत सोलून हातात धरला. दोनचार मसुरी टपटप खाली पडल्या. कुणीतरी फिसकन हसलं.

"लहरी! लहरी! माईला त्रास होतोय!" सूटवाला धावला, पण तोवर ताई बँडेज बांधलेल्या पायानिशी पायरी चढली होती. तिने शाल हिसकावली आणि उलटी केली. अस्तरावर प्लॅस्टिकच्या पट्ट्या शिवलेल्या, त्यांवर ओळीने खवले: इसबाचे वेगळे, गजकर्णाचे वेगळे, काही अजून शिल्लक. माईच्या गालाचा तो तुकतुकीतपणा म्हणजे वाळल्यावरही चिकट राहणारा पारदर्शक डिंक. शालीआड पट्टी गालावर दाबायची, की झाला चमत्कार. ज्याचा जसा आजार, तशी पट्टी.

गालावरचे खवले तसेच घेऊन माई मागच्या दाराने गेली. आम्ही पोलिसांत तक्रार दिली आहे.

पण खरी शिसारी मला त्यानंतर आली. स्टेजवर सांडलेले तुकडे दोन बायका वेचून रुमालात बांधत होत्या. मी म्हटलं, "अहो, कागद आहे तो." एक म्हणाली, "असू दे. गुण आला म्हणजे झालं."

परत येताना रिक्षात ताई म्हणाली, "छोटे, मी ते पाण्याबरोबर गिळलंय गं. रोज सकाळी. काय काय होतं त्यात?"

मी सांगितलं: रबर, कागद, रंग, चमकी. तिने रिक्षा थांबवायला लावली, खाली वाकली आणि रस्त्याच्या कडेला ओकली. मी तिची पाठ चोळत राहिले.

हे लिहायला तिनेच सांगितलं, म्हणून लिहिते आहे. चेहऱ्यावर काहीही उगवून दाखवता येतं. ती कला आहे, मी ती शिकवते आणि तिकीट काढून बघायला येणाऱ्याला ठाऊक असतं की पडदा पडला की सगळं धुतलं जाणार. जखम भरत नसेल तर डॉक्टरकडे जा, औषध अर्धवट सोडू नका. कुणी अंगावर चमत्कार दाखवला तर ओलं फडकं मागा आणि गाल पुसू देतात का ते बघा. देत नसतील तर उठून घरी या. ताईचा अंगठा काही परत येणार नाही. तुमचा अजून जागेवर आहे.