वहिनीच्या फोल्डरवरची पाळत

सर्व्हर परत गोठला आणि मी खुर्चीतूनच ओरडलो, "वहिनी, किती वेळा सांगायचं? जरा दमानं घ्या की!"

काचेपलीकडे वहिनी दचकली. आमच्या ऑफिसात जुने नकाशे स्कॅन होतात. माझ्या मोठ्या भावाची बायको एकेक नकाशा मशीनवर पसरते, बटण दाबते, आणि त्याचे हजारो बारीक तुकडे, प्रत्येकाची वेगळी फाइल होऊन, माझ्या सर्व्हरवर येऊन पडतात. तुकडे पडायला लागले की सर्व्हर ढिम्म. सगळं ऑफिस हातावर हात ठेवून बसतं.

साहेबांनी विचारलं तेव्हा मी ठोकून दिलं, "सर्व्हर ठणठणीत आहे. वापरणाऱ्याला अक्कल नको?" वहिनी तिथंच उभी होती. साहेब म्हणाले, उद्यापासून तिला मशीनवरून काढून दाराजवळच्या टेबलावर बसवू. तिनं मान खाली घातली. ते मशीन ती किती हौसेनं शिकली होती! घरी जेवताना दुसरा विषय नसायचा.

जेवणाच्या सुट्टीत मी तपासायला बसलो. तिचा पुळका आला म्हणून नव्हे हं. उद्या तिच्याशिवायही सर्व्हर गोठला तर माझी शोभा होईल म्हणून. डिस्कवर जागा भरपूर. मेमरी ठीक. तिचेच तुकडे दुसऱ्या फोल्डरमध्ये पाडून पाहिले, झरझर पडले. तिच्या फोल्डरमध्ये पाडले, गोठला! अडतंय कुठं ते शोधत गेलो तर एका कोपऱ्यातल्या फोल्डरमध्ये लाखो चिमुकल्या फाइली. फोल्डरचं नाव वाचलं आणि माझे कान तापले. फोल्डर माझा होता.

वहिनी नोकरीला लागली तेव्हा मीच एक छोटा प्रोग्राम लिहून ठेवला होता. तिच्या फोल्डरमध्ये फाइल आली की तिची एक नोंद, वेगळ्या फाइलमध्ये. घरचं माणूस, काही घोळ घातला तर बोटं माझ्याकडे वळतील, पुरावा हाताशी असलेला बरा. मग विसरूनही गेलो. ती तुकडे पाडत राहिली, माझा पहारेकरी चिठ्ठ्या रचत राहिला, आणि त्या ढिगात नवी चिठ्ठी खुपसता खुपसता सर्व्हरचा जीव जात होता.

खोटं कशाला बोलू, आधी वाटलं, गुपचूप पुसून टाकावं. कुणाला पत्ताही लागला नसता. वर म्हणता आलं असतं, बघा, वहिनीला हलवलं आणि सर्व्हर सुधारला. हे माझ्या डोक्यात आलंच कसं? माझी मलाच किळस आली.

वहिनी मशीन पुसत होती. मी साहेबांना तिथंच बोलावलं.

"साहेब, चूक माझी आहे. वहिनींची काडीचीही नाही." आणि प्रोग्रामचं सगळं सांगून टाकलं.

साहेबांनी मला चांगलंच फैलावर घेतलं. जाताना वहिनीला म्हणाले, "तुमचं मशीन तुमच्याकडेच."

हुश्श झालं. वाटलं, आता वहिनी हसेल, म्हणेल, जाऊ द्या हो. ती फडक्याची घडी घालत होती.

"भाऊजी, अशी पाळत इथं सगळ्यांवर आहे?"

काहीतरी थाप मारता आली असती. जीभ रेटेना.

"नाही. फक्त तुमच्यावर."

तिनं नवा नकाशा मशीनवर पसरला, हातानं कोपरे सारखे केले.

"बाजूला व्हा," ती म्हणाली. "सावली पडतेय."